घोट्याच्या आतल्या बाजूचे दुखणे आणि मापाने करून घेतलेले इनसोल : कमानीखाली टोचत असेल तर काय करावे?

पायवाट

गेले काही महिने उजव्या घोट्याच्या आतल्या हाडामागे दुखत होते आणि संध्याकाळपर्यंत तिथे सूज चढत असे. अस्थिरोगतज्ज्ञांनी पोस्टेरियर टिबियल टेंडनचा, म्हणजे तळपायाची कमान उचलून धरणाऱ्या कंडरेचा त्रास असल्याचे निदान केले आणि पाऊल आतल्या बाजूला कलू लागले आहे, असेही सांगितले. त्यांच्या चिठ्ठीवरून ऑर्थोटिस्टकडे, म्हणजे पायाला आधार देणारी साधने करून देणाऱ्या तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी फोमच्या पेटीत दोन्ही पावलांचे ठसे घेतले आणि टाचेपासून चवड्याच्या अलीकडेपर्यंत येणारे, कडक प्लास्टिकचे इनसोल करून दिले.

मिळाल्या दिवसापासून मी ते सकाळपासून रात्रीपर्यंत वापरते आहे. घोट्याचे दुखणे थोडे कमी झाले आहे हे खरे, पण कमानीखाली खडा घेऊन चालल्यासारखे वाटते आणि टाच बुटातून सारखी वर निसटते. हे सवयीने जाईल की इनसोल परत न्यावेत? एका परिचितांचे म्हणणे असे की, तयार मिळणारे इनसोलही तेच काम करतात, मग मापाने करून घ्यायचे कशाला? आणि हे जन्मभर घालावे लागतात का?

खडकवाट

पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ घालणे, हेच आपल्या त्रासाचे मोठे कारण असावे. पावलात २६ हाडे असतात आणि त्यांच्यामधले सांधे, स्नायू वर्षानुवर्षे एका ठरावीक पद्धतीने भार घेत आलेले असतात. ती पद्धत एका सकाळी बदलली की नव्या जागा दुखणारच. सर्वसाधारणपणे पहिल्या दिवशी तासभर, मग रोज साधारण एक तास वाढवत जायचे आणि दोन ते चार आठवड्यांत पूर्ण दिवसापर्यंत पोहोचायचे. धावणे किंवा लांब फेरी त्यानंतरच. तोवर जुने इनसोल किंवा साधे बूट मधूनमधून घालण्यात कमीपणा नाही.

मात्र ओढल्यासारखे दुखणे वेगळे आणि एका ठिकाणी टोचणे वेगळे. पहिले सहसा ओसरते, दुसऱ्याची वाट पाहत बसू नये. बूट काढल्यावर तळव्यावर लाल वण दिसतो का, आणि अर्ध्या तासाने तो गेलेला असतो का, हे पाहावे. राहत असेल, तर इनसोल हातात घेऊन उघड्या पावलाला लावून पाहा : टाच वाटीत पूर्ण बसली पाहिजे आणि पुढची कड चवड्याच्या गोलाईच्या मागेच संपली पाहिजे. ती कड अंगठ्यामागच्या हाडाखाली आली, तर प्रत्येक पावलाला चावते. प्लास्टिक गरम करून कमानीचा उंचवटा थोडा उतरवणे किंवा कड घासून घेणे हे ऑर्थोटिस्टच्या रोजच्या कामातलेच आहे. पहिल्या जोडीत एकदा-दोनदा दुरुस्ती होतेच, त्यामुळे संकोच न करता परत जावे, आणि जाताना नेहमीचे बूट बरोबर न्यावेत.

टाच निसटते याचा दोष बहुधा बुटाचा आहे. बुटात आधीपासून असलेला तळ काढून मगच इनसोल ठेवला आहे ना? एकावर एक ठेवले की टाच वर उचलली जाते आणि बुटाची मागची भिंत तिला धरू शकत नाही. इनसोल कितीही चांगला असला, तरी लिबलिबीत बुटात तो बुटासकट आत कलतो. म्हणून टाचेमागची भिंत अंगठ्याने दाबून पाहावी, ती दबता कामा नये. आणि बूट बोटांपाशी वाकावा, मधोमध वाकू नये. नाडीचे बूट सर्वांत बरे. खरेदी संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, इनसोल सोबत नेऊन करावी. दुकानदार कंटाळतात, पण त्याला इलाज नाही.

पोटरी

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त इनसोलवर सगळी भिस्त ठेवू नये एवढे आग्रहाने सांगावेसे वाटते. इनसोल कंडरेवरचा ताण कमी करतो, तिला बळ देत नाही. या कंडरेच्या दुखण्यावर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका १२ आठवड्यांच्या चाचणीत सर्वच गटांना इनसोल आणि पोटरी ताणण्याचे व्यायाम दिले होते. सुधारणा सगळ्यांत झाली, पण ज्यांच्याकडून कंडरेवर भार देऊन तो सावकाश सोडण्याचे व्यायाम करून घेतले, त्यांच्यात ती सर्वांत जास्त होती. तेव्हा इनसोलबरोबर व्यायामाचा आराखडाही मागून घ्या.

तयार इनसोलबद्दल आपल्या परिचितांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. प्लांटार फॅशियायटिस, म्हणजे सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येते त्या दुखण्यासाठी, २००६ च्या १३५ जणांच्या एका चाचणीत तयार आणि मापाचे इनसोल जवळपास सारखेच ठरले आणि वर्षभरानंतर तर नुसत्या मऊ, बिनआधाराच्या तळापेक्षाही फार फरक उरला नाही. म्हणून टाचदुखीवर मी आधी तयारच सुचवते. अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीची कंडरा, टाचेला चिकटते तिथे दुखत असेल, तर पुष्कळदा टाचेखाली छोटी उंची देऊनही आराम पडतो. परंतु आपले पाऊल आत कलते आहे. तिथे टाचेची वाटी किती खोल हवी, आतल्या बाजूला पाचर किती द्यायची, हे पायागणिक बदलते आणि तयार वस्तूत ते क्वचितच जमते.

एक सोपी तपासणी करून पाहा. भिंतीला बोटे टेकवून दुखऱ्या एका पायावर उभे राहा आणि टाच उचला; मागून कोणाला तरी पाहायला सांगा. निरोगी पायाची टाच वर जाताना किंचित आत वळते. ती उचलताच येत नसेल, किंवा उचलूनही बाहेरच्या बाजूलाच कललेली राहत असेल, तर इनसोल सुधारत बसण्यापेक्षा अस्थिरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा, कारण अशा वेळी घोट्याला बांधणारा ब्रेस किंवा पुढचे उपचार लागू शकतात.

जन्मभर घालावे लागतील का, हेही यावरच ठरते. पाऊल अजून लवचीक असेल आणि कंडरेत बळ आले, तर काही महिन्यांनी घरातल्या वावरापासून सुरुवात करून इनसोल हळूहळू कमी करता येतात. कमान कायमची बसली असेल, तर चष्म्यासारखे ते सोबत राहतात.

पायवाट

मनापासून आभार. बुटातला जुना तळ काढलेलाच नव्हता. आता काढल्यावर टाच बरीच धरली जाते. टाच उचलून पाहिली. उचलली जाते आणि आतही वळते, मात्र डाव्या पायाइतकी उंच जात नाही. लाल वण अंगठ्याच्या मागे राहतो, तेव्हा कड घासून घ्यायला जाणार आहे. वडिलांचेही तळवे सपाट आहेत, त्यांना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी असेच इनसोल करून घ्यावेत का?

खडकवाट

असेच मुळीच नकोत. मधुमेहात तळव्याची संवेदना कमी झालेली असेल, तर टोचणारी कड त्यांना कळणारच नाही आणि जखम मात्र होईल. त्यांच्यासाठी दाब पसरवणारे मऊ थर आणि जास्त खोलीचे बूट लागतात, आणि तेही डॉक्टरांनी पायाची संवेदना व रक्तप्रवाह तपासल्यानंतरच. नवे काहीही घातले, तरी बूट काढल्यावर रोज तळवा आणि बोटांच्या फटी पाहायच्या. वाकता येत नसेल, तर आरसा जमिनीवर ठेवून. सपाट तळवे आहेत पण काही दुखत नाही आणि चालण्याला अडचण नाही, एवढ्यावरून त्यांना किंवा घरातल्या कोणालाही इनसोल लावायची गरज नसते.