मुलाखतीत तुम्ही उलट काय विचारलंत?

चिंचवडची_मावशी: भाचीची उद्या हिंजवडीत मुलाखत. "मावशी, शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का?' म्हणाले तर काय बोलू?" म्हणाली आणि मला माझी चाकणची मुलाखत आठवली. मी एवढंच विचारलं होतं, ही जागा नवीन आहे की कुणी सोडून गेलंय? साहेब म्हणाले, आधीच्याला बढती मिळाली, इथेच आहे, बोलायचंय? बोलावलंच त्याला! कुठलं मशीन सारखं बंद पडतं, तिसऱ्या पाळीत माणसं किती कमी असतात, सगळं सांगितलं त्याने. जिथे हे उघड बोलू देतात तिथे काम करायचं, तेव्हाच ठरवलं. तुमचे अनुभव लिहा, तिला वाचायला देते.

रानपाखरू: सीटीसी (म्हणजे कंपनीचा आपल्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) नाही, हातात किती येणार ते विचारायला सांगा. मला सांगितलेल्या आकड्यात कंपनीचा पीएफचा १२ टक्के हिस्साही होता, ग्रॅच्युइटीही. आणि ती ५ वर्षं टिकलं तरच. पगाराची फोड कागदावर मागायचीच.

सायली_के: नोटीस पिरियड!!! ९० दिवस असेल तर पुढची कंपनी थांबत नाही. कुकर लावलाय, येते परत

निंबोणी: पाळणाघर आहे का विचारलं. ५० किंवा जास्त माणसं असली तर द्यावंच लागतं, २०१७ पासून कायदाच आहे. एचआर बाई म्हणाल्या, "का, काही ठरलंय का?" मी तिथे गेले नाही.

रानपाखरू: संताप आला वाचून. कुठली कंपनी?

निंबोणी: नाव नको. पण तिथल्या मुलींचं वाईट वाटतं अजून.

घाटमाथा: हिंजवडी कुठला फेज?

चिंचवडची_मावशी: तीन

घाटमाथा: मग कंपनीची बस आहे का ते पहिलं विचारा. आणि उद्या लवकर निघा, वाकडच्या पुलाखाली अडकली तर संपलं.

मास्तर_लातूर: आमच्याकडे खासगी शाळांत एकच प्रश्न, सही कितीवर आणि हातात किती. माझ्या बायकोला पूर्ण पगारावर सही करून निम्मा परत द्यायला सांगत होते. तिने सरळ विचारलं म्हणून आधीच कळलं. उठून आली. अभिमान आहे मला तिचा.

निंबोणी: वहिनींना नमस्कार सांगा 🙏

सायली_के: आले. नोटीस बायआउट, म्हणजे पैसे भरून नोटीसचे दिवस कमी, करता येतो का आणि ते पैसे कोण भरणार, हेही विचारायला सांग. ऑफर लेटरवर सही करायच्या आधी.