चाळिशीत ब्राझिलियन जिउ-जित्सू सुरू करायचंय: पहिले तीन महिने काय सांभाळावं?

नवा_गडी_पुणे

वय ४१, वजन ८६ किलो, उंची ५ फूट ८ इंच, दिवसभर खुर्चीतलं काम. शाळेत दोन वर्षं तालमीत जायचो, त्यानंतर चालण्यापलीकडे व्यायाम नाही. दोन वर्षांपूर्वी कमरेच्या एल४-एल५ मणक्यांमधली गादी सरकली होती. आता दुखत नाही आणि डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली आहे. घराजवळ बीजेजेचा (ब्राझिलियन जिउ-जित्सूचा) वर्ग आहे, आठवड्यातून दोन दिवस जमेल.

विचारायचं हे की आधी गी (जुदोसारखा जाड कॉटनचा पोशाख) घ्यावा की नो-गी, म्हणजे त्याशिवायच, करावं? पहिल्या दिवसापासून रोलिंग (जोडीदाराशी मोकळी सरावाची लढत) करावं का? आणि या वयात दुखापती नेमक्या कशाने होतात? "काळजी घ्या" एवढं सगळेच सांगतात, मला कशाची ते हवंय.

हाफगार्ड_ठाणे

सुरू करा. आयबीजेजेएफच्या (या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) स्पर्धांमध्ये तिशीपासून मास्टर्सचे गट असतात, तुम्ही मास्टर ३ मध्ये बसता. म्हणजे हा खेळ तुमच्या वयाची माणसंही खेळतात हे धरूनच गट केलेले आहेत. आठवड्यातून दोन दिवस पुरेसे आहेत. उत्साहाच्या भरात पहिल्याच महिन्यात पाच दिवस जाऊ नका. छाती-मांड्यांचे स्नायू दोन-तीन दिवसांत भरून येतात, बोटांचे सांधे, कोपरं आणि मान यांना कितीतरी जास्त वेळ लागतो. पहिल्या दोन महिन्यांत माणसं गळतात ती बहुतेक याच हिशोबात.

वर्ग साधारण दीड तासाचा असतो: वॉर्म-अप, मग एक-दोन तंत्रं जोडीदारावर घोटायची, शेवटी ५-५ मिनिटांचे राउंड. पहिले चार आठवडे पूर्ण रोलिंगऐवजी पोझिशनल करू द्या, असं कोचना सांगा. म्हणजे एका ठरावीक स्थितीतून सुरुवात करायची, उदाहरणार्थ जोडीदार माउंटवर, म्हणजे तुमच्या छाती-पोटावर स्वार, आणि तुम्ही खाली. तुम्ही सुटलात किंवा त्याने सबमिशन (हार मानायला लावणारी पकड) लावलं की पुन्हा पहिल्यापासून. यात एकच प्रसंग दहादा वाट्याला येतो, म्हणून शिकणं होतं. मोकळ्या रोलिंगमध्ये नवखा माणूस पाच मिनिटं जीव खाऊन ढकलत राहतो आणि शेवटी त्याला काय झालं तेच सांगता येत नाही.

टॅपबद्दल, म्हणजे हार मानल्याच्या खुणेबद्दल, जरा सविस्तर. समोरच्याच्या अंगावर दोन-तीन वेळा स्पष्ट थाप मारायची. हात अडकले असतील तर तोंडाने "टॅप" म्हणायचं, नाहीतर पायाने मॅट आपटायची. मॅटवर हळूच थोपटलेलं त्याला जाणवत नाही, म्हणून थाप शक्यतो त्याच्याच अंगावर. आता कधी मारायची? गळ्याचा चोक नीट लागला तर मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि दहाएक सेकंदांत शुद्ध जाते. त्यात दुखतंच असं नाही, त्यामुळे दुखण्याची वाट पाहू नका. आर्मबारमध्ये (कोपर उलटं ताणणारा लॉक) कोपर सरळ झालं आणि त्याची कंबर वर यायला लागली की लगेच. हील हुकमध्ये (टाच पकडून पाय पिळणारा लॉक) तर वेदना कळायच्या आत गुडघ्याचे लिगामेंट जाऊ शकतात. आयबीजेजेएफच्या नियमांत व्हाइट बेल्टला, म्हणजे नवख्यांना, हील हुक, नी-बार (गुडघ्याचा लॉक), टो होल्ड (पाऊल पिळणारा लॉक) आणि मनगटाचे लॉक चालत नाहीत, सरळ अँकल लॉक तेवढा चालतो. तुमच्या वर्गात काय चालतं ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. कुणी टाच पकडून पाय आडवा पिळायला लागलं तर तो लॉक पूर्ण व्हायची वाट न बघता टॅप करा.

किमुरा (हात मागे पिळून खांद्यावर ताण आणणारा लॉक) हे नाव ज्यांच्यावरून पडलं त्या जपानी जुदोपटू मासाहिको किमुरांनी १९५१ मध्ये रिओच्या माराकानामध्ये बीजेजे घडवणाऱ्या ग्रेसी घराण्यातल्या हेलिओ ग्रेसींना याच लॉकमध्ये पकडलं. हेलिओंनी टॅप केलं नाही, शेवटी त्यांच्या बाजूने टॉवेल फेकावा लागला. ती लढत होती आणि तुमचा सराव आहे. दुसऱ्या दिवशी तुम्हाला त्याच हाताने कामाला बसायचंय.

तालीम_ते_मॅट

तुमची तालमीतली दोन वर्षं कामाला येतील, पण एक सवय आधी मोडावी लागेल. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला. त्यामुळे खाली आलं की पालथं व्हायचं, छाती मातीला लावायची, हे अंगात मुरलेलं असतं. इथं नेमकं तेच महागात पडतं. पालथं झालात की समोरचा पाठीवर येतो, दोन्ही पाय तुमच्या मांड्यांच्या आतून अडकवतो, त्याचे ४ गुण होतात आणि मागून गळ्यात हात येतो. चीत पडायला लाजू नका. पाठीवर पडा, पण तोंड त्याच्याकडे ठेवा आणि गुडघे तुमच्या छातीच्या आणि त्याच्या मध्ये. ते गार्ड.

मूळ असं की मित्सुयो माएदा हे कोदोकानचे (जपानमधल्या जुदोच्या मूळ संस्थेचे) जुदोपटू १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले आणि कार्लोस ग्रेसी त्यांच्याकडे शिकले. पुढं ग्रेसी घराण्यानं जमिनीवरच्या लढतीवरच भर दिला. म्हणून इथं पाडण्याचे २ गुण, गार्ड ओलांडण्याचे ३ आणि माउंटचे ४. पट काढून पाडलंत तरी तुम्ही त्याच्या दोन पायांच्या मध्ये पोचता, आणि काम तिथून सुरू होतं.

पट काढताना मान वाकवू नका. डोकं खाली गेलं आणि त्याच्या बगलेत सापडलं की गिलोटिन, म्हणजे पुढून गळा आवळणारा चोक. नजर समोर, कपाळ त्याच्या छातीला किंवा बरगडीला चिकटलेलं. आणि ढाक, कलाजंग, धोबीपछाड येत असले तरी नवख्या जोडीदारावर लावू नका. त्याला पडायचं कसं हे अजून शिकवलेलं नसतं. तो हात टेकून पडणार आणि मनगट नाहीतर कॉलरबोन मोडून घेणार. अंगाचा भार कुठं टाकायचा, पकड कशी सोडवायची, हे तालमीतलं मात्र पहिल्या दिवसापासून वापरा.

फिजिओ_नाशिक

गादीबद्दल लिहिते. कमरेला सर्वांत वाईट म्हणजे वाकलेल्या अवस्थेत पडणारा भार. तुम्ही क्लोज्ड गार्डमध्ये, म्हणजे समोरच्याच्या कमरेभोवती पाय बांधून, पडलेले असता. समोरचा उभा राहून तुमची कंबर तुमच्याच डोक्याकडे दुमडतो, त्याला स्टॅक करणं म्हणतात. तिथे ताकदीने धरून ठेवू नका, पाय लगेच सोडा आणि कुशीवर वळा. खांद्यांवर उलटं होऊन खेळायचे प्रकार वर्षभर तरी नकोत. हाफ गार्डमध्ये (त्याचा एकच पाय आपल्या पायांत धरलेला) कुशीवर पडून खेळता येतं, तुमच्यासाठी ते जास्त सोयीचं. क्लोज्ड गार्डमधून कुणाला उचलून उभं राहणं पूर्ण बंद.

प्रत्येक राउंडच्या आधी जोडीदाराला एका वाक्यात सांगा: "कमरेचा त्रास आहे, स्टॅक करू नका." रोलिंग सुरू झाल्यावर सांगून उपयोग नसतो.

गुडघ्याच्या दुखापती मुख्यतः दोन प्रकारे होतात. पाऊल मॅटवर किंवा त्याच्या पायाखाली अडकलेलं असतं आणि धड वळतं. किंवा उभ्यानं झटापट चालू असताना कुणीतरी आपलं सगळं वजन तुमच्या गुडघ्यावर बाजूने टाकतं. नवख्यांनी उडी मारून गार्ड घेणं स्पर्धेतही निषिद्ध आहे ते याचसाठी. तुमच्या वर्गात कुणी तसं करत असेल तर त्याच्याबरोबर गुडघ्यांवर बसून सुरुवात करा.

कमरेतून पायात मुंग्या, पाऊल उचलताना कमकुवतपणा, हातांत बधिरपणा यांपैकी काहीही झालं तर त्या दिवशी मॅट सोडायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. लघवीवरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता थेट हॉस्पिटल.

नवा_गडी_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. कुशीवरचं खेळणं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. गीचं राहिलं. आणि एक ट्रायल क्लास केला, त्यात साइड कंट्रोलमध्ये (समोरचा बाजूने छातीवर आडवा) खाली अडकलो तर पूर्ण पाच मिनिटं हलता आलं नाही. हातांनी ढकलत होतो, तरी माणूस हलत नव्हता.

कॉलर_स्लीव्ह

पहिला महिना गी विकत घेऊ नका. रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट) आणि खिसे-चेन नसलेली शॉर्ट्स पुरते. खिशात बोट अडकून मोडतं. वर्ग गीचा असेल तर बहुतेक ठिकाणी जुना गी वापरायला मिळतो. घ्याल तेव्हा दोन घ्या, कारण जुलै-ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईत आणि कोकणात जाड विणीचा गी चोवीस तासांत वाळत नाही. कापड वाळल्यासारखं वाटतं, पण कॉलरच्या आतल्या फोममध्ये पाणी धरून राहतं आणि वास तिथूनच येतो. मशीनमध्ये दोनदा स्पिन करा, दोन हँगर एकमेकांत अडकवून खांदे रुंद करा आणि कॉलर उभी करून पंख्याखाली टांगा. वास बसलाच असेल तर धुण्याआधी बादलीभर पाण्यात अर्धी वाटी व्हाइट व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा. ब्लीच नको, सुताची ताकद जाते. गरम पाणीही नको, कॉटन आटतं. हात सरळ पुढे केल्यावर बाही मनगटापासून ५ सेंटिमीटरपेक्षा मागे राहिली तर तो गी स्पर्धेत चालत नाही, म्हणून अंगाला चोख बसणारा घेऊ नका. बेल्टही धुवा, तो धुवायचा नसतो हा गैरसमज आहे.

हातातलं कडं, गंडा, अंगठी, भिकबाळी, गळ्यातली साखळी, बायकांची मंगळसूत्रं, सगळं उतरवून. करदोटासुद्धा, समोरच्याचं पायाचं बोट त्यात अडकतं. नखं आदल्या रात्री कापा. मॅटवर चप्पल नाही आणि मॅटबाहेर अनवाणी नाही. संडासातून त्याच पायांनी मॅटवर येणारा माणूस दिसला तर स्पष्ट बोला.

नायट्याचं मात्र मनावर घ्या. घरी पोचल्यावर लगेच साबणाने अंघोळ. अंगावर लाल, कडा उठलेलं, खाजणारं वर्तुळ दिसलं तर मॅट बंद आणि त्वचारोगतज्ज्ञ. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ट्यूब आणू नका. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या मिश्र क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, लाली उतरते, बरं झाल्यासारखं वाटतं आणि बुरशी आत पसरत राहते. मग महिनोन्महिने गोळ्या खाव्या लागतात, आणि तेवढ्यात तुम्ही अर्ध्या वर्गाला ती देऊन ठेवलेली असते.

कान सुजून मऊ लागला तर दोन दिवसांच्या आत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. कूर्चेवर साठलेलं रक्त काढून वर दाब द्यावा लागतो, नाहीतर कान कायमचा पैलवानी होतो. घरी सुई टोचू नका.

हाफगार्ड_ठाणे

साइड कंट्रोलचं उत्तर. ढकलून तो हलत नाही, कारण तुमचे हात लांब झालेले असतात आणि लांब हाताचा भार दंडावर येतो. शिवाय तोच हात तो आर्मबारसाठी उचलतो. म्हणून हाताने ढकलायचं नाही, हाताचं हाड मध्ये टेकू म्हणून ठेवायचं आणि स्वतः सरकायचं.

समजा तो तुमच्या उजव्या बाजूने वर आहे. उजवा पुढचा हात, म्हणजे कोपर ते मनगट, त्याच्या कमरेच्या हाडावर आडवा. डावा पुढचा हात त्याच्या मानेखाली, गळ्याला टेकून. दोन्ही कोपरं वाकलेली आणि स्वतःच्या बरगड्यांजवळ. हे झालं नसेल तर पुढचं काहीच करू नका, आधी हात आत आणा. डावा हात त्याच्या पाठीवरून घालून मिठी मारण्याचा मोह होतो. त्या मिठीने तुम्हीच त्याला आपल्या छातीवर घट्ट धरून ठेवता.

आता दोन्ही टाचा ढुंगणाजवळ ओढा आणि कंबर उचलून त्याच्या दिशेने ब्रिज करा. त्याला उलटवायचं नाहीये, भार अर्धा क्षण वर उचलला गेला तरी पुरे. कंबर खाली येतानाच डाव्या पायाने मॅट रेटून ढुंगण डावीकडे, त्याच्यापासून लांब न्या आणि उजव्या कुशीवर वळा. टेकू जागेवरच राहिले तर तुमच्या उजव्या कोपराच्या आणि त्याच्या कमरेच्या मध्ये वितभर जागा दिसेल. उजवा गुडघा त्या जागेत घाला, आपल्या कोपराला लागेपर्यंत. गुडघा आत गेला की अर्धं काम झालं. डावा पाय त्याच्या पाठीमागून आणून गार्ड बंद करा. मात्र तुमच्या कमरेमुळे तिथे रेंगाळू नका, हाफ गार्डमध्ये कुशीवर राहिलात तरी चालेल.

नव्वद टक्के चूक एकच असते: ब्रिज झाल्यावर माणूस थांबतो, श्वास घेतो आणि मग सरकायला जातो. तोवर भार परत बसलेला असतो. ब्रिज आणि सरकणं एका दमात व्हायला हवं. दुसरी चूक म्हणजे पाठ सपाट ठेवून सरकणं. खांदे मॅटला चिकटलेले असतात आणि ढुंगण जागेवरच राहतं. घरी चादरीवर दोन्ही बाजूंनी दहा-दहा श्रिम्प (हेच कुशीवर वळून ढुंगण मागे सरकवणं) रोज करा, प्रत्येक वेळी वरचा खांदा मॅटवरून सुटला का ते बघत. वर्गात कोचना सांगून जोडीदाराला तीस टक्केच भार टाकायला लावा आणि वीस वेळा एकाच बाजूने काढा. दुसरी बाजू पुढच्या आठवड्यात.