मदत हवी आहे: बहरीनमध्ये मुक्काम झल्लाकला की मनामात?

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतील. एकदाच हात सैल सोडून दोघांना बहरीनला न्यायचंय. झल्लाकच्या किनाऱ्यावरचं रिसॉर्ट घ्यावं, की मनामातलंच खासगी किनारा असलेलं हॉटेल? झल्लाक शांत, पण बाबांना कलअत अल-बहरीनचा किल्ला आणि मनामाचा जुना बाजार बघायचाय. रोज टॅक्सी परवडेल का? (एका दिनाराला दोनशेच्या वर रुपये, पोटात गोळाच येतो!) शुक्रवार-शनिवारी सौदीहून २५ किलोमीटरच्या पुलावरून गर्दी लोटते, म्हणून रविवार ते बुधवार ठरवलंय. तेव्हा पाणी फार गार नसतं ना? आई गुडघाभर पाण्यातच उभी राहणार म्हणा. तिला शाकाहारीच लागतं. आधी कळवलं तर रिसॉर्टवाले नीट करतात का?