कॅरेक्टर मेलं की कायमचं मेलं, हा नियम नव्या ग्रुपला झेपेल का?

विसाचा_फासा
दर रविवारी ११ ते ३ कोथरूडला डीअँडडीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर खेळायचा कथेचा खेळ) ग्रुप बसतो. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. पाचांपैकी तिघं अगदी नवीन, सगळे लेव्हल १, नियम २०१४ चे. मेलेलं कॅरेक्टर परत आणायचं नाही, असा दोघांचा आग्रह आहे. धास्ती हवीच, पण नवीन मंडळी पुढच्या रविवारी यायलाही हवीत. काय करावं?

कर्वेरोड_क्लेरिक
नियम ठेवा, फक्त लेव्हल १ ला नको. विझार्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, ७ धरा. गॉब्लिन या छोट्या राक्षसाची तलवार १डी६+२ (सहा बाजूंचा एक फासा, अधिक २), साध्या फटक्याला फार तर ८. माणूस पडतो, जागीच मरत नाही. बगबेअर हा मोठा राक्षस मात्र २डी८+२. एका फटक्यात १४ बसले, तर शून्याच्या खाली अजून ७ उरतात, म्हणजे पूर्ण हिट पॉइंटांएवढे. खलास, डेथ सेव्हसुद्धा (शून्यावर पडल्यावर जगण्यासाठी टाकायचा फासा; तीन अपयशं म्हणजे मरण) नाही! त्यासाठी फाशांवर १२ किंवा जास्त हवेत, आणि ते येण्याची शक्यता ६४ पैकी १५. यात खेळणाऱ्याचं काय चुकलं? असलं मरण कुणाला पचत नाही. लेव्हल ३ पासून सुरुवात करा. त्याच विझार्डचे सरासरीने १७ होतात आणि हिट पॉइंट पूर्ण असताना बगबेअरचा साधा फटका जागीच मारू शकत नाही.

दुसरं, बेशुद्ध पडलेल्याला पाच फुटांच्या आतून वार लागला की तो क्रिट (दुप्पट फाशांचा फटका), आणि डेथ सेव्हची दोन अपयशं एकदम. दोन गॉब्लिन शेजारी असले तर एका राउंडमध्ये (सगळ्यांची एकेक पाळी) तीन भरतात. पडलेल्यावर कोण वार करतं नि कोण उभ्या माणसाकडे वळतं, हे खेळ सुरू होण्याआधीच टेबलावर सांगून टाका.

सुटा_डी४
मरण्यापेक्षा ताटकळण्याने मजा जाते. ११:४० ला मेलेला माणूस ३ पर्यंत मोबाइल बघत बसतो. 'रोग' (Rogue) या १९८० च्या कॉम्प्युटर गेममध्येही मरण कायमचंच, पण पुढचा डाव लगेच सुरू होतो. म्हणून प्रत्येकाकडून त्याच लेव्हलच्या दुसऱ्या कॅरेक्टरची शीट आधीच भरून घ्या. पुढच्याच खोलीत कैदी म्हणून नवं कॅरेक्टर सापडू द्या. चालू लढाई संपेपर्यंत ज्याचं कॅरेक्टर मेलं त्याच्याच हातात दोन गॉब्लिन द्या. नवीन माणसं ते फार मन लावून खेळवतात.

विसाचा_फासा
पटलं. आणि रिव्हिव्हिफाय, म्हणजे मेलेल्याला उठवणारा मंत्र? बंद करू?

कर्वेरोड_क्लेरिक
नको. क्लेरिकला (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणाऱ्या पुजाऱ्याला) ते लेव्हल ५ ला मिळतं, ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा खर्ची पडतो आणि मेल्यापासून एका मिनिटात, म्हणजे १० राउंडांत टाकावं लागतं. हिरे दुकानात विकायला ठेवू नका. सगळ्या पार्टीत एकच, आणि तो कोणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत असू द्या.