आंतरराष्ट्रीय विमानातून उतरून देशांतर्गत विमान पकडायचे आहे : मध्ये किती वेळ ठेवावा?

ओसरी (धागाकर्ती)
नमस्कार. मी आणि माझी ७२ वर्षांची आई पुढच्या महिन्यात भावाकडे जात आहोत. आमचे लांब पल्ल्याचे विमान दुपारी २.१० ला पोहोचते आणि तिथून त्याच देशातल्या दुसऱ्या शहरासाठी देशांतर्गत विमान घ्यायचे आहे. शहरांची नावे मुद्दाम लिहीत नाही, कारण मागच्या धाग्यात ती लिहिली आणि चौथ्या प्रतिसादापासून चर्चा तिथल्या टॅक्सीवाल्यांवर गेली ती परत आलीच नाही.

माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. पहिला, दोन्ही विमाने एकाच तिकिटावर, ज्यात दुसरे विमान ४.०५ ला सुटते. हे तिकीट बरेच महाग पडते. दुसरा, देशांतर्गत तिकीट वेगळे काढून ५.४५ चे विमान घेणे. तिसरा, तसेच वेगळे तिकीट, पण रात्री ९.३० चे, जे त्या दिवसाचे शेवटचे आहे. आई चालते, पण तिला लांबवर चालवत नाही, म्हणून व्हीलचेअर मागण्याचा विचार आहे. दोघींच्या मिळून दोन मोठ्या बॅगा होतील. खर्चाचे आधीच स्पष्ट सांगते : हॉटेल, लाउंज आणि वरच्या वर्गाचे तिकीट या तिन्ही गोष्टी आमच्या हिशेबात बसत नाहीत. ५.४५ चे विमान धरावे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

जुनी छत्री
ओसरीताई, माझे ऐकाल तर त्या शहरात सरळ एक रात्र हॉटेलात काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे पहिले विमान घ्या. आम्ही उभयता गेली ११ वर्षे हेच करत आलो आहोत आणि आजवर एकही विमान चुकलेले नाही. विमानतळाला लागूनच असलेले हॉटेल घ्यावे, म्हणजे बॅगा ओढत फिरावे लागत नाही. पैसे जातात, पण या वयात पाय जास्त महत्त्वाचे.

गणिताचा तास
हॉटेल नको असे त्यांनी स्वच्छ लिहिले आहे, तेव्हा प्रश्नाकडे वळू या.

२.१० ते ५.४५ म्हणजे ३ तास ३५ मिनिटे, हा हिशेब फसवा आहे. बॅग द्यायची असेल तर घड्याळ विमान सुटण्याच्या वेळेवर थांबत नाही, काउंटर बंद होण्याच्या वेळेवर थांबते. देशांतर्गत विमानांचे काउंटर बहुतेक ठिकाणी ४५ ते ६० मिनिटे आधी बंद होतात. ६० धरली तर तुमची खरी मुदत ४.४५ ची, म्हणजे हातात २ तास ३५ मिनिटे. त्यात विमानातून बाहेर पडणे, इमिग्रेशनची रांग, पट्ट्यावर बॅगांची वाट पाहणे, कस्टम्स, टर्मिनल बदलणे आणि पुन्हा एकदा काउंटरची रांग, एवढे सगळे बसवायचे आहे. सर्व काही वेळेवर झाले तर ते बसते. मात्र लांब पल्ल्याच्या विमानाला एक तास उशीर झाला, तर उरलेल्या दीड तासात ते बसेल अशी खात्री कोणी देऊ नये आणि तुम्हीही मानू नये.

रानवारा
यात एक चूक आहे. २.१० ही चाके जमिनीला टेकण्याची वेळ असते. त्यानंतर विमान धावपट्टीवरून गेटपर्यंत येण्यात २० मिनिटे जातात, ती धरलेली नाहीत.

गणिताचा तास
तसे नाही. तिकिटावर छापलेली पोहोचण्याची वेळ ही विमान जागेवर येऊन उभे राहण्याची असते आणि सुटण्याची वेळ ही विमान जागेवरून हलण्याची असते. म्हणूनच १० मिनिटे उशिरा टेकलेले विमानही कधी कधी कागदोपत्री वेळेवर पोहोचते.

अनुस्वार
मी माझा अनुभव लिहितो, कारण तो बॅगांशी संबंधित आहे आणि बॅगांमुळेच आमचे विमान चुकले. आमचे एकच तिकीट होते. निघतानाच दोन्ही बोर्डिंग पास मिळाले आणि बॅगेच्या टॅगवर शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरे ठसठशीत छापलेली होती, त्यामुळे बॅग थेट तिथेच भेटणार असे गृहीत धरून मी पट्ट्याकडे न पाहता बाहेर पडलो. देशांतर्गत टर्मिनलवर पोहोचल्यावर तिथल्या मुलीने विचारले, "कस्टम्समधून बॅग आणली का?" मी परत धावलो. बाहेर पडलेल्या माणसाला आत सोडत नाहीत, ते आणखी एक. अर्ध्या तासाने एका कर्मचाऱ्याबरोबर आत गेलो, तेव्हा पट्टा बंद झाला होता आणि माझी निळी बॅग खांबाला टेकवून ठेवलेली होती. टॅग अगदी बरोबर होता आणि माझे विमान गेलेले होते.

तेव्हा लक्षात ठेवावे की पुष्कळ देशांत टॅग शेवटपर्यंतचा असला तरी देशात शिरण्याच्या पहिल्या विमानतळावर बॅग स्वतः उचलून कस्टम्समधून न्यावी लागते आणि बाहेरच्या ट्रान्सफर पट्ट्यावर पुन्हा टाकावी लागते.

रानवारा
असे काही नसते. माझी बॅग तीन वेळा थेट गेली आहे. मी मधल्या विमानतळावर तिला हातही लावला नाही.

अनुस्वार
आपण ज्या देशात उतरलात तिथे तसा नियम असेल. मी उतरलो तिथे नव्हता.

तिसरी घंटा
या वादावर एकच उपाय आहे. निघताना काउंटरवर "बॅग कुठपर्यंत लावली आहे?" आणि "मध्ये उचलावी लागेल का?" असे दोन स्वतंत्र प्रश्न विचारावेत, कारण ही दोन वेगळी उत्तरे असतात. दोन वेगळी तिकिटे असतील तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा "मधल्या शहरापर्यंतच" असे येते.

वेगळ्या तिकिटांतला खरा धोका मात्र अजून कोणी लिहिलेला नाही. एकाच तिकिटावर पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकले, तर पुढच्या विमानात बसवून देणे ही कंपनीची जबाबदारी असते. शिवाय विमानतळ आणि विमाने लक्षात घेऊन ठरवलेला जोडणीचा किमान वेळ असतो आणि तिकीट देणारी यंत्रणा त्याहून कमी अंतराची जोडणी विकत नाही. म्हणजे ४.०५ चा पर्याय दिसायला धोकादायक आहे, पण ते चुकण्याची चिंता तुमची नसून कंपनीची आहे. वेगळे तिकीट काढलेत की तो किमान वेळ तुमच्यासाठी कोणी पाहत नाही. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही न आलेले प्रवासी असता. माझे जाणे आणि येणे एकाच तिकिटावर होते. जातानाचे विमान चुकले आणि त्याबरोबर येतानाचे आरक्षणही आपोआप रद्द झाले, हे मला परतायच्या आदल्या दिवशी कळले. तेव्हा वेगळे काढायचेच असेल तर जाणे आणि येणे अशी दोन स्वतंत्र तिकिटे काढावीत.

कलमबहाद्दर
बॅगांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आंतरराष्ट्रीय प्रवासातल्या बॅगांना १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. बॅग तुटलेली मिळाली तर ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली तर ती हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून दर प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) इतकी झाली आहे; पूर्वी ती १,२८८ होती. पट्ट्याजवळच्या काउंटरवर तक्रार नोंदवून कागद हातात घेतल्याशिवाय दालनाबाहेर पडू नये.

जुनी छत्री
बॅग हरवण्याबद्दल ताईंनी विचारलेलेच नाही.

कलमबहाद्दर
हॉटेलबद्दलही विचारलेले नव्हते.

मंद समई
व्हीलचेअर अवश्य घ्यावी. सासूबाईंसाठी घेतली तेव्हा इमिग्रेशनची वेगळी रांग मिळाली आणि त्यांच्याबरोबर मलाही त्याच रांगेतून सोडले. आमचे सहप्रवासी अजून नागमोडी रांगेत उभे होते तेव्हा आम्ही बॅगा उचलत होतो. मात्र विनंती किमान ४८ तास आधी नोंदवावी आणि तिकिटे वेगळी असतील तर ती दोन्ही कंपन्यांकडे नोंदवावी, कारण एकीचा निरोप दुसरीकडे जात नाही.

पाऊलखूण
आमचा अनुभव नेमका उलटा आहे. व्हीलचेअरच्या प्रवाशांना सर्वांत शेवटी उतरवतात. विमान पूर्ण रिकामे होईपर्यंत वडील जागेवर बसून होते, सफाईचे लोक आत आले तरी खुर्ची आलेली नव्हती आणि पुढे एकाच माणसाकडे तीन खुर्च्या होत्या. रांगेत वाचलेला वेळ दारातच गेला. वेळ वाचतो म्हणून घेऊ नये. चालवत नाही म्हणून घ्यावी.

रानवारा
एकट्याने प्रवास करत असाल तर बिझनेस क्लास घेणे सर्वांत उत्तम, कारण पहिल्यांदा उतरता येते आणि बॅगाही आधी येतात. मी आता दुसरे काही घेतच नाही. ९.३० चे विमान असेल तर मधल्या वेळेत लाउंजमध्ये आईंना व्यवस्थित आडवे होता येईल.

ओसरी
रानवारा, मी एकटी नाही आणि लाउंज हिशेबात नाही. दोन्ही गोष्टी वर लिहिल्या आहेत.

उंबरठा
सगळ्यांनी बॅगेचा टॅग जरूर पाहावा, हे कोणी सांगत नाही.

दुसरे म्हणजे ड्यूटी फ्रीची बाटली. ती सीलबंद पिशवीत देतात आणि आपण निर्धास्त होतो. पण देशांतर्गत विमानासाठी बाहेर येऊन पुन्हा सुरक्षा तपासणीतून जावे लागले, तर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली न चालण्याचा नियम आडवा येऊ शकतो. बॅग हातात आहे तोवर, म्हणजे पट्टा ते काउंटर या टप्प्यातच, बाटली तिच्यात टाकावी. त्याच वेळी पॉवर बँक चुकूनही बॅगेत जाऊ देऊ नये. ती हातातल्या सामानातच लागते. मी घाईघाईत नेमकी अदलाबदल केली होती. बाटली हातात राहिली, पॉवर बँक बॅगेत गेली आणि दोन्हीकडून मला बोलावणे आले.

शिळोप्याच्या गोष्टी
तारीख तपासा. माझे विमान रात्री १२.४० ला पोहोचत होते, म्हणजे १५ तारखेला. माझ्या डोक्यात "१४ च्या रात्री पोहोचतो" असे बसले होते, म्हणून मी १४ तारखेच्या पहाटेचे देशांतर्गत तिकीट काढले. मी पोहोचण्याच्या १८ तास आधी ते विमान निघून गेले होते. दुपारच्या विमानात हा घोळ होत नाही, तरी सांगून ठेवले.

गणिताचा तास
एक राहिले. वेगळ्या तिकिटावर सामानाची मर्यादा देशांतर्गत कंपनीची लागते आणि ती बहुधा कमी असते. लांबच्या विमानात चालणाऱ्या दोन मोठ्या बॅगांचे तिथे वजनावर पैसे पडतील. ते वेगळ्या तिकिटाच्या किमतीत मिळवा आणि मग एकाच तिकिटाशी तुलना करा. फरक वाटतो तेवढा राहणार नाही. माझे मत एकच तिकीट, ते नसेल तर ९.३०.

तिसरी घंटा
माझेही तेच मत आहे, फक्त ९.३० हे शेवटचे विमान आहे हे विसरू नये. ते चुकले तर रात्र विमानतळावरच काढावी लागेल. विम्यावर विसंबणार असाल तर पॉलिसी आधी वाचा. जोडणी चुकल्याची भरपाई देताना दोन विमानांत किमान इतके तास हवेत, अशी अट त्यात पुष्कळदा असते.

ओसरी
सर्वांचे मनापासून आभार. गणिताचा तास यांच्या सांगण्यावरून बेरीज करून पाहिली, आणि दोन मोठ्या बॅगांचे पैसे धरल्यावर वेगळ्या तिकिटात खरोखरच फारसे काही वाचत नव्हते. त्यामुळे बॅगाच रद्द केल्या. भाऊ पुढच्या मोसमात इकडे येणार आहे, तेव्हा जड सामान तोच नेईल. आम्ही दोघी प्रत्येकी ७ किलोची केबिन बॅग घेऊन जात आहोत आणि ५.४५ चेच तिकीट काढले आहे. जाण्याचे वेगळे, येण्याचे वेगळे. सुटण्याच्या २ तास आधीपर्यंत फरक भरून ९.३० वर बदलता येईल असे भाडे घेतले आहे. म्हणजे ३.४५ ला मी इमिग्रेशनच्या रांगेत किती मागे आहे ते पाहून ठरवेन.

जुनी छत्री
इतक्या जणांनी नको म्हटलेले विमानच घ्यायचे होते, तर विचारले कशाला?

मंद समई
ओसरी, बॅग नसली तरी व्हीलचेअर घेतलीत तर बहुतेक ठिकाणी काउंटरवर हजेरी द्यावीच लागते. वेब चेक-इन करून थेट गेटवर जाता येणार नाही. म्हणजे तुमची मुदत पुन्हा ४.४५ वरच आली.

ओसरी
होय, काल कंपनीला फोन करून तेच विचारले आणि त्यांनीही हेच सांगितले. खुर्ची आता फक्त पहिल्या विमानासाठी नोंदवली आहे, ती टर्मिनलच्या दारापर्यंत सोडते. पुढचे अंतर किती आहे हे आईने मला नकाशावर मोजायला लावले. टर्मिनलची बस धरली तर उरते सुमारे ४०० मीटर. घरापासून वाचनालयापर्यंत ती रोज त्याहून जास्त चालते, असे तिचे म्हणणे आहे. मी फक्त तिच्या बॅगेला चाके आहेत ना, एवढे पाहिले.