वर तारे दिसत असताना ‘हिमवर्षाव’ कसा होईल?

पाटीपेन्सिल
एका माहितीपटाच्या निवेदनाचा मराठी अनुवाद करीत असताना मी अडले आहे. प्रसंग अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील उत्कियाग्विक या गावातला आहे. २०१६ पर्यंत या गावाचे अधिकृत नाव बॅरो असे होते. तिथे नोव्हेंबरच्या मध्यानंतर मावळलेला सूर्य सुमारे ६५ दिवस उगवतच नाही. चित्रात एक माणूस दारात उभा आहे, वारा सुटला आहे आणि समोरचे घर पांढऱ्या लोटात दिसेनासे झाले आहे. मी सहजपणे ‘हिमवर्षाव सुरू होता’ असे लिहिले. त्यावर तपासणाऱ्या बाईंनी समासात एवढाच शेरा मारला : ‘वर तारे दिसत आहेत. वर्षाव कुठून?’

त्यांचे म्हणणे खरे आहे. तो बर्फ आकाशातून पडत नसून, आधी पडलेला बर्फ वारा जमिनीवरून आणि गोठलेल्या समुद्रावरून उचलून आणतो आहे. इंग्रजीत याचे दोन प्रकार आहेत. दोन मीटरपेक्षा खाली राहतो तो ‘ड्रिफ्टिंग स्नो’ आणि त्याहून वर चढून नजर अडवतो तो ‘ब्लोइंग स्नो’. तिसरा शब्द ‘ब्लिझर्ड’. अमेरिकी हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे वाऱ्याचा वेग ताशी ५६ किलोमीटर किंवा अधिक, दृश्यमानता ४०० मीटरच्या आत आणि ही स्थिती किमान तीन तास टिकलेली असली, तरच तो ब्लिझर्ड. त्यासाठी नवा बर्फ पडलाच पाहिजे अशी अट नाही. हे तिन्ही शब्द निवेदनात अर्ध्या मिनिटात येतात, त्यामुळे सगळ्यांना ‘हिमवादळ’ म्हणून भागत नाही. काय लिहावे?

कोशकीटक
ब्लिझर्डसाठी ‘हिमझंझावात’ म्हणावे, असे कोणी सुचवण्याआधीच सांगतो की ‘झंझावात’ म्हणजे मुळात पावसासह येणारा वारा. म्हणजे पुन्हा वर्षावच आला. ‘तुषार’ हा संस्कृतातला बर्फाचा आणि दहिवराचा नेमका शब्द होता, पण मराठी शेतकऱ्याला तुषार म्हटले की उसातले तुषार सिंचन आठवते, त्यामुळे तो शब्द आपण घालवून बसलो आहोत. माझ्या मते उडणाऱ्या बर्फाला ‘हिमरज’ म्हणावे. शब्द घडवायचाच असेल, तर तो संस्कृताच्या आधारानेच घडवावा.

खळ्यावरचा
‘हिमरज’ ऐकून प्रेक्षकाला पावडरीचा डबा आठवेल. आमच्या खळ्यावर वडील तिवईवर उभे राहून ज्वारी उफणायचे, तेव्हा दाणे पायाशी पडायचे, भुसकट दोन हात पुढे जायचे आणि बारीक धुरळा वाऱ्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माझ्या डोळ्यांत यायचा. एकाच वाऱ्याने केलेली ती तीन कामे आहेत. तुमच्या इंग्रजी वर्गवारीतही दुसरे काय आहे? खालून जातो तो ‘सरपटता बर्फ’ आणि वर चढतो तो ‘बर्फाचा धुरळा’. आमच्याकडे ‘फुफाटा’ असाही शब्द आहे, आणि तो अधिक जोरकस आहे.

कोशकीटक
‘आगीतून फुफाट्यात’ या म्हणीतला फुफाटा म्हणजे तापलेली राख. उणे ३० अंशांत फुफाटा उठवायचा असेल, तर म्हण आधी बदलून घ्यावी लागेल.

खळ्यावरचा
आमच्या तालुक्यात एस.टी. गेल्यावर रस्त्यावर उठतो तो फुफाटाच, आणि तो डिसेंबरातही उठतो. म्हण पुस्तकात राहिली, शब्द रस्त्यावर आला.

उत्तरध्रुवाचा_भाडेकरू
मी काही वर्षे नॉर्वेच्या उत्तर टोकाला राहिलो आहे, म्हणून लिहितो. होनिंग्सवोगहून नॉर्डकॅपकडे जाणाऱ्या रस्त्याच्या शेवटच्या टप्प्यात हिवाळ्यात एकट्याने गाडी नेता येत नाही. फाटकापाशी थांबायचे, बर्फ काढणारे वाहन आले की त्याच्यामागे रांगेने निघायचे, पुढच्या गाडीचे लाल दिवे नजरेआड होऊ द्यायचे नाहीत आणि काहीही झाले तरी गाडीतून उतरायचे नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा निम्म्या वाटेत रस्ताच नाहीसा झाला. म्हणजे रस्ता होता, पण चाकांच्या उंचीवरून बर्फाच्या दोऱ्या आडव्या धावत होत्या आणि आपणच बाजूला घसरत आहोत असा भास होत होता. गुहागरच्या किनाऱ्यावर दुपारच्या वाऱ्यात वाळू घोट्याला टोचत धावते, हुबेहूब तसेच ते दृश्य होते. क्रियाही तीच आहे : कण उडी मारतो, आपटतो आणि दुसऱ्या कणांना उडवतो. या आपटण्यात बर्फाच्या पाकळ्यांचे हात मोडतात आणि बारीक, टणक कण उरतात. म्हणूनच तो बर्फ कुलपाच्या भोकात आणि जाकिटाच्या चेनमध्ये शिरतो आणि घरामागे साचला की इतका घट्ट बसतो की त्यावरून चालता येते.

तिथे याला ‘स्नोफोक’ म्हणतात. त्यातला ‘फोक’ वाऱ्याने उडवले जाण्याच्या क्रियापदाशी नाते सांगतो. बर्फ पडण्याशी त्याचा संबंध नाही. तेव्हा मराठीतही आधी क्रियापद शोधावे, नाम मागाहून येईल. आणि धोका केवळ उडण्यात नाही, साचण्यातही आहे, हेही शब्दात यावे. आइसलँडमधील सुदाविक आणि फ्लातेयरी या किनाऱ्यावरच्या गावांवर १९९५ साली हिमलोट कोसळले, त्यांत मिळून ३४ माणसे गेली. वादळी वाऱ्याने डोंगराच्या आडोशाच्या उतारावर आणून टाकलेला बर्फच अशा वेळी खाली येतो.

चहाबिस्कीट
ब्लिझर्ड हा शब्द जर्मन ‘ब्लिट्झ’, म्हणजे वीज, यावरून आला आहे. त्यामुळे ‘हिमवीज’ कसे वाटते? शिवाय एस्किमोंकडे बर्फाला शंभर शब्द असताना आपण दोनावर का अडावे?

कोशकीटक
दोन्ही गोष्टी ऐकीव आहेत. ब्लिझर्डचा अर्थ आधी ‘जोराचा तडाखा’ असा होता आणि १८७० साली आयोवातल्या एका वृत्तपत्राने तो बर्फाच्या वादळाला लावला. शंभर शब्दांची दंतकथा मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्या १९११ सालच्या लेखनातून फुगत गेली. त्यांनी चारच शब्द दिले होते : जमिनीवरचा बर्फ ‘अपुत’, पडणारा ‘काना’, वाऱ्याने वाहणारा ‘पिक्सिर्पोक’ आणि वाऱ्याने साचलेला ढीग ‘किमुक्सुक’. उत्कियाग्विकची इनुपिआक भाषा याच कुळातली, पण वेगळी आहे, तेव्हा हे शब्द जसेच्या तसे त्या माणसाच्या तोंडी घालू नयेत.

पाटीपेन्सिल
शंभर नकोत, मला हेच चार हवे आहेत! पडणारा, पडलेला, वाहणारा, साचलेला. आपल्या ‘बर्फ’ शब्दात तर फ्रीजमधला खडाही येतो. फारसीत ‘बर्फ’ म्हणजे हिम आणि ‘यख’ म्हणजे गोठलेले पाणी; आपण एकच उचलला आणि त्यालाच दोन्ही कामे लावली.

हुडहुडी
उचलण्याची गरजच नव्हती. ‘हिम’ मराठीत झिजून ‘हिव’ झाला, म्हणून तर ‘हिवाळा’ आणि ‘हिवताप’. आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून त्या शब्दातला बर्फ गेला आणि थंडी उरली. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गोठलेल्या दवाला वर्तमानपत्रे दर हिवाळ्यात ‘हिमकण’ म्हणतात, तेही मुळात दवच. मी तर उडत्या बर्फाला ‘हिवारा’ म्हणेन, हिव आणि वारा मिळून.

खळ्यावरचा
आजीला हिव भरले की आम्ही गोधडी घालायचो. ‘हिवारा’ ऐकून लोक रक्त तपासायला जातील.

पाटीपेन्सिल
ध्वनिमुद्रण उद्या सकाळी आहे. तूर्त मी असे लिहिले आहे : ‘आभाळ निरभ्र होते, पण वाऱ्याने उधळलेले बर्फ दारापर्यंत आले होते.’ खालच्या थरासाठी ‘सरपटते बर्फ’ घेतले आहे. ब्लिझर्डसाठी नाइलाजाने ‘हिमवादळ’च ठेवले आहे.

कोशकीटक
‘उधळलेला बर्फ’. बर्फ पुल्लिंगी आहे.

हुडहुडी
आमच्या घरी बर्फ वितळते, वितळत नाही… म्हणजे, वितळतो असे कोणी म्हणत नाही.

उत्तरध्रुवाचा_भाडेकरू
मी वर ‘साचलेला बर्फ’ लिहिले आणि घरी बोलताना ‘बर्फ साचले’ म्हणतो, हे आत्ताच लक्षात आले.

खळ्यावरचा
कोकणात काय म्हणतात, ते कोणी सांगेल का?