श्नाटररनं हायडेनहाइम सोडायला हवं होतं का?

डावी विंग
परवा एका ग्रुपवर कुणीतरी जर्मन फुटबॉलर मार्क श्नाटररबद्दल लिहिलं, "लोअर लीगचा प्लेअर, करिअर वाया घालवलं", आणि माझं डोकंच फिरलं. २००८ मध्ये कार्ल्सरूह क्लबच्या दुसऱ्या टीममधून हा जर्मनीतल्या हायडेनहाइम क्लबात आला तेव्हा क्लब चौथ्या डिव्हिजनमध्ये होता, गाव जेमतेम पन्नास हजारांचं, आणि पुढची १३ वर्षं गडी तिथंच. २००९ ला थर्ड लीग, २०१४ ला सेकंड बुंडेसलिगा (म्हणजे सगळ्यात वरच्या बुंडेसलिगाच्या खालची लीग), दोन्ही प्रमोशनमध्ये तो होता. चारशेच्या वर मॅच, शंभरच्या वर गोल, तेही डाव्या बाजूच्या मिडफिल्डरचे, शिवाय कॅप्टन. मोठ्या क्लबात नुसतं बाकावर बसून राहण्यापेक्षा हे करिअर कितीतरी मोठं आहे असं माझं ठाम मत आहे.

ऑफसाइड
नाही पटलं. बाकावरच बसला असता हे कशावरून ठरवलंत? पंचविशी ते अठ्ठाविशी म्हणजे फुटबॉलरची ऐन उमेदीची वर्षं, ती याची थर्ड लीगमध्ये गेली. स्ट्रायकर क्लाइनडीन्स्ट बघा, तोही हायडेनहाइमचाच, २०२० ला बेल्जियमला गेंट क्लबकडे गेला, तिथं काही जमलं नाही, परत आला, मग २०२२-२३ ला सेकंड बुंडेसलिगात २५ गोल, नंतर बुंडेसलिगातला ग्लाडबाख क्लब, आणि २०२४ ला २९ व्या वर्षी थेट जर्मनीकडून डेब्यू. बाहेर जाऊन त्याचं काय बिघडलं?

डावी विंग
अहो पण तो ज्या क्लबात परत आला तो तिथवर नेला कुणी? आणि लेव्हलचंच म्हणत असाल तर ३ एप्रिल २०१९ ची मॅच काढून बघा, जर्मन कपची क्वार्टरफायनल, म्युनिकला बायर्नसमोर, म्हणजे जर्मनीतल्या सगळ्यात बलाढ्य क्लबासमोर. बायर्नच्या झ्यूलला १५ व्या मिनिटाला रेड कार्ड, आपल्या ग्लात्झेलनं बरोबरी केली, ३९ व्या मिनिटाला श्नाटररनं गोल मारला आणि हाफटाइमला सेकंड लीगची टीम २-१ नं पुढे! नंतर ४-२ नं मागे पडून परत ४-४ केलं, शेवटी बायर्नच्या लेवांडोव्स्कीच्या पेनल्टीवर ५-४ हरले. लोअर लीगचा प्लेअर म्हणे!

स्टुटगार्टकर
मी इथं जवळच राहतो, त्यांच्या ग्राउंडवर जाऊन आलोय. फोइथ अरेना गावाच्या वर टेकडीवर आहे, समुद्रसपाटीपासून ५५५ मीटर, जर्मन प्रोफेशनल फुटबॉलमधलं सगळ्यात उंचावरचं स्टेडियम, चढून जाताना धाप लागते. आत जेमतेम १५ हजार माणसं मावतात. कोच फ्रांक श्मिट त्याच गावात जन्मलेला आणि २००७ पासून तोच. अशा ठिकाणी एक माणूस १३ वर्षं का टिकतो ते तिथं गेल्यावर लगेच समजतं. मला वाईट वाटतं ते शेवटाचं. २०२१ ला करार वाढवला नाही, मग श्नाटरर वाल्डहोफ मानहाइम क्लबात, परत थर्ड लीगमध्ये. आणि २८ मे २०२३ ला रेगेन्सबुर्गमध्ये हायडेनहाइमनं इंजुरी टाइममध्ये दोन गोल मारून ३-२ नं मॅच काढली, चॅम्पियन होऊन बुंडेसलिगात गेले, आणि हा त्या टीममध्ये नाही.

ऑफसाइड
हेच तर मी सांगतोय ना! क्लबनं व्यवहार बघितला, ३५ वर्षांच्या माणसाला नवा करार दिला नाही, त्यात क्लबची चूक पण नाही. मग हाच हिशोब खेळाडूनं सत्ताविसाव्या वर्षी केला तर तो लगेच स्वार्थी कसा होतो? २०२० ला बुंडेसलिगात जायच्या प्लेऑफला ब्रेमनशी ०-० आणि २-२, केवळ अवे गोलवर (बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल मारणारा जिंकतो, हा तेव्हाचा नियम) हुकलं, तेही रिकाम्या स्टेडियममध्ये. क्लबच्या भरवशावर राहिलं की असं होतं.

पेठेचा बॅक
कोल्हापुरात एका तालमीच्या फुटबॉल टीमचा प्लेअर दुसऱ्या तालमीकडून उतरला की पेठेतली लोकं त्याला वर्षानुवर्षं ऐकवतात, त्यामुळं ऑफसाइडचं मला थोडं पटतंय. राहिला त्याला मुजरा, पण गेला त्याला गद्दार म्हणू नका.

डावी विंग
गद्दार मी कुणालाच म्हटलं नाही हो, क्लाइनडीन्स्टचा मला आनंदच आहे. माझं भांडण "वाया घालवलं" या शब्दांशी आहे. चौथ्या डिव्हिजनमधल्या क्लबाला बुंडेसलिगाच्या दारात नेऊन उभं केलं, यात वाया काय गेलं ते तरी सांगा.

ऑफसाइड
वाया गेलं हे मी पण नाही म्हणणार, तेवढं मागे घ्यायला लावा त्या ग्रुपवाल्याला. पण बायर्नसमोर त्या रात्री तो खरंच वरच्या लेव्हलचा वाटला, आणि म्हणूनच मला राग येतो. तसल्या मॅच त्याला दर सीझनला ३४ मिळायला हव्या होत्या.